सुरीच्या मुठीला कुठला पांढरा धातू लावावा?

माझ्या कामाच्या टेबलावर श्रीखंडाचा एक रिकामा डबा आहे. त्यात पांढऱ्या धातूंचे सात तुकडे आहेत, प्रत्येक अंगठ्याच्या नखाएवढा, पाठीवर पंचानं ठोकलेला नंबर. दोन वर्षांपूर्वी मृग लागला तेव्हा हे सातही तुकडे मी एकाच नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून सारखे चमकवले, दोऱ्यात ओवले आणि सिंकच्या वर खिळ्याला टांगले. एकमेकांना लागू नयेत म्हणून मध्ये गाठी मारल्या. त्या दिवशी मुलीला विचारलं, यातली चांदी कुठली? तिनं बोट दाखवलं ते ॲल्युमिनियमकडे.

खंडेनवमीला हत्यारं पूजेला मांडताना तो दोरा खाली काढला, तेव्हा सात तुकडे सात घरचे दिसत होते. चांदी जुन्या जोडव्यासारखी काळवंडलेली. जर्मन सिल्व्हरवर पिवळट छटा, चहाच्या कपाला आतून चढते तशी. ॲल्युमिनियमवर पांढरे ठिपके, कथील राखेसारखं मळकट. स्टेनलेसचे तुकडे दोन होते: एक जसाच्या तसा, दुसऱ्यावर मोहरीच्या निम्म्याएवढे तपकिरी डाग. टायटॅनियमला काहीही झालेलं नव्हतं.

सुरी स्वतः करायची म्हणून कुणी विचारायला आलं, की मी आधी हा डबा पुढे करते. दुकानात सगळंच चकचकीत असतं. आपल्याला बघायचं असतं ते खंडेनवमीला ते कसं दिसेल.

मी कोल्हापुरात आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला शिल्प निदेशक आहे. दिवस मुलांना कानस धरायला शिकवण्यात जातो, संध्याकाळी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सुऱ्या करते. बहुतेक स्वयंपाकघरातल्या, अधूनमधून एखादी शेतावरची. पातं बेअरिंगच्या ईएन-३१ पोलादाचं, मूठ शिसवीची नाहीतर बाभळीची. या दोन्हींच्या सांध्यावर धातू येतो. मुठीच्या तोंडाशी दोन्ही बाजूंनी बसवलेल्या पट्ट्या म्हणजे बोल्स्टर, पातं आरपार जाईल अशी खाच असलेली आडवी पट्टी म्हणजे गार्ड, लाकूड आणि पोलाद एकत्र धरणाऱ्या पिना, आणि लाकूड-धातूमध्ये शोभेला घातलेली पातळ चकती म्हणजे स्पेसर. खुरप्याच्या मुठीला असते तशी नुसती शेंबी घातली तरी चालतं. पितळ लावलं तर हा लेख वाचायची गरज नाही, पितळ सरळ असतं. घोळ आहे तो पांढऱ्या रंगात.

आधी तीन प्रश्न

धातूचं बोलण्याआधी मी गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारते. सुरी रात्री कुठे असते: ड्रॉवरमध्ये, सिंकमध्ये, की चामड्याच्या म्यानात? चिरून झाल्यावर कोण पुसणार आहे का? आणि जी बाई रोज ती हातात धरणार तिला खोटे कानातले चालतात का?

तिसऱ्या प्रश्नाला लोक हसतात. पण खोट्या दागिन्यांनी कानाची पाळी लाल होते, खाज सुटते, ती बहुतेक निकेलमुळे. जर्मन सिल्व्हरमध्ये निकेल भरपूर असतं आणि सुरी धरताना चिमटीची बोटं नेमकी बोल्स्टरवरच येतात. ओला, घामेजलेला हात, रोज अर्धा तास. ज्यांना हा त्रास आहे त्यांच्या सुरीला मी जर्मन सिल्व्हर लावत नाही, कितीही आग्रह झाला तरी.

जर्मन सिल्व्हर

या नावात दोन्हीकडून घोळ आहे. आमची आजी ‘जर्मनचं पातेलं’ म्हणायची ते ॲल्युमिनियमचं. आणि जर्मन सिल्व्हरमध्ये सिल्व्हर गुंजभरही नसतं. तांबं साठ टक्क्यांच्या आसपास, निकेल दहा ते वीस, उरलेलं जस्त. चीनमध्ये असा मिश्रधातू फार आधीपासून होता, पाकतुंग नावानं तो युरोपात जायचा. १८२० च्या दशकात जर्मनीतल्या कारखान्यांनी तो स्वतः करायला घेतला, आणि तेव्हापासून हे नाव चिकटलं. बाजारात मात्र पांढऱ्या दिसणाऱ्या कशालाही जर्मन सिल्व्हर म्हणतात. पूजेच्या ताटापासून ऑक्सिडाइज्ड झुमक्यांपर्यंत.

मी पहिल्यांदा पट्टी आणली ती एका दुकानातून, पैसे मोजून, बिल घेऊन. कानशीच्या तिसऱ्या फेऱ्याला आतून पिवळं डोकावलं. पितळेवर निकेलचा मुलामा. परत न्यायला गेले तर ‘ताई, तुम्ही घासलीत ना आता’ असं उत्तर मिळालं. तेव्हापासून नग घेण्याआधी मी दोन गोष्टी करते. दुकानदाराला विचारून कोपऱ्यावर कानशीचा एक खोल घास मारते, आणि लहान तुकडा मिळाला तर घरी त्याची घनता काढते.

घनता काढायला प्रयोगशाळा लागत नाही. ०.१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा घ्या. आधी तुकडा कोरडा वजन करा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. तुकडा शिवायच्या दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल असा धरा, पण तळाला किंवा काठाला टेकू देऊ नका. काटा आता जो आकडा दाखवेल तेवढे घन सेंटिमीटर म्हणजे त्या तुकड्याचं आकारमान. कोरड्या वजनाला या आकड्यानं भागायचं. माझ्या एका तुकड्याचं वजन ६१.२ ग्रॅम, पाण्यातला आकडा ७.०, भागाकार ८.७. जर्मन सिल्व्हर एवढंच भरतं. दोऱ्याला किंवा तुकड्याला बुडबुडे चिकटले असतील तर बोटानं झटका, नाहीतर हिशेब चुकतो.

या भागाकारावरून काय ओळखायचं? ॲल्युमिनियम २.७, टायटॅनियम ४.५, जस्ताचा ओतीव माल ६.६ च्या आसपास, कथील ७.३, स्टेनलेस ७.९, ९२५ ची चांदी १०.४. पितळ ८.५ असतं, म्हणजे जर्मन सिल्व्हरच्या इतकं जवळ की काट्यावर दोन्ही वेगळी ओळखू येत नाहीत. म्हणून कानशीचा घास हवाच. जस्ताचा ओतीव माल दारांच्या मुठींना ठीक आहे, तो ठिसूळ असतो. त्यात पिन ठोकली की कडेनं तडा जातो.

खरं जर्मन सिल्व्हर हाताला फार गुणी आहे. पितळेपेक्षा किंचित चिवट, पण करवत सरळ चालते, ड्रिल कुरकुर करत नाही, कडा धारदार राहते. त्याच्यासाठी एक नवी कानस वेगळी ठेवा, लोखंडावर वापरून बोथट झालेली कानस त्यावर नुसती घसरते. दातांना खडू चोळला की बुरा अडकत नाही. ठोकताना ते कडक होत जातं. पत्र्याची शेंबी वळवताना ते आडमुठेपणा करायला लागलं, की गडद लाल होईपर्यंत तापवून गार होऊ द्या, पुन्हा ऐकायला लागतं. लालपणा उन्हात दिसत नाही, शेडच्या अंधाऱ्या कोपऱ्यात तापवा. वितळवायला मात्र जाऊ नका. त्यातलं जस्त धुरावाटे निघतं आणि तो धूर फुप्फुसात गेला की रात्री थंडी वाजून ताप भरतो. ओतशाळेतल्या लोकांना हा ताप चांगला माहीत असतो.

रंग विचाराल तर मला हाच सगळ्यांत आवडतो. स्टेनलेसचा पांढरा निळसर, थंड. याच्या पांढऱ्यात थोडी ऊब असते, शिसवीशेजारी तो शोभतो. पिवळट छटा चढली तरी ती खायच्या सोड्याच्या ओल्या लगद्यानं पाच मिनिटांत निघते. निघाली नाही तरी वाईट दिसत नाही.

पण चामड्याशी त्याचं जमत नाही, हे मला मालवणच्या एका वहिनींनी शिकवलं. त्यांना मासे साफ करायची लांब सुरी करून दिली होती, शिसवीची मूठ, जर्मन सिल्व्हरचे बोल्स्टर, वर हौसेनं शिवलेलं चामड्याचं म्यान. चार महिन्यांनी फोटो आला. बोल्स्टरच्या कडेनं हिरवी कीट, म्यानाच्या तोंडाशीही हिरवं. पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की कळकतं ना, तोच प्रकार. आत तांबं आहे, चामडं कमावलेलं आंबट, वर खारी हवा आणि माशाचं पाणी. चूक माझीच होती. सुरी रात्री कुठे असते हा प्रश्न मी त्यांना विचारलाच नव्हता.

स्टेनलेस

आपल्याकडे ‘स्टील’ म्हटलं की विषय संपतो. इथे तो सुरू होतो.

स्टेनलेसच्या जाती नंबरानं ओळखतात. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. ३१६ मध्ये शिवाय दोन-तीन टक्के मॉलिब्डेनम, ते मिठाला दाद देत नाही. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून मँगेनीज घातलेलं असतं, आणि जे-४ नावानं मिळतं त्यात निकेल नावापुरतंच उरतं. माझ्या दोऱ्यावर ज्या तुकड्याला तपकिरी डाग पडले तो हा जे-४. तो वाईट धातू नाही. जिन्याच्या कठड्याला चालतो. पण रोज लिंबू, कोकम, चिंच लागणाऱ्या सुरीला नको.

गंमत म्हणजे या चौघांनाही चुंबक चिकटत नाही. भांड्यांच्या दुकानात चुंबक लावून स्टील ‘तपासणारी’ माणसं बघितली की मला गप्प बसवत नाही. उलट ४१०, ४१६ या जातींना चुंबक घट्ट चिकटतो आणि त्या खऱ्याखुऱ्या स्टेनलेस आहेत. ३०४ ची पट्टी जिथे वाकवली असेल तिथे तीही चुंबकाला थोडी ओढली जाते. तेव्हा चुंबकानं ३०४ आणि जे-४ वेगळे होत नाहीत.

मी ज्यांच्याकडून तुकडे घेते ते भंगारवाले काका खिशात नऊ व्होल्टची बॅटरी आणि थेंबाची बाटली घेऊन फिरतात. तुकड्याचा कोपरा घासतात, एक थेंब टाकतात, बॅटरीची दोन टोकं टेकवतात. दोनशेच्या मालिकेतला, म्हणजे २०२ किंवा जे-४ सारखा, माल असेल तर डाग लालसर येतो. ‘मॅडम, चुंबक ठेवा पर्समध्ये,’ असं एकदा मला सगळ्यांसमोर म्हणाले होते. दुधाच्या टाक्या करणाऱ्या फॅब्रिकेटरकडेही ३०४ आणि ३१६ चे उरलेले तुकडे मिळतात. तिथे मालाची जात नीट माहीत असते, कारण त्यांना ती गिऱ्हाइकाला लेखी द्यावी लागते. सहा मिलिमीटर जाडीची हातभर पट्टी मिळाली तर वर्षभराची सोय झाली.

आता छिद्र. ३०४ ला नवखा माणूस हरतो तो इथेच. आमच्या वर्कशॉपमध्ये दरवर्षी एक तरी मुलगा हे करतो: मशीन पितळेच्या वेगावर तसंच चालू, हात हलका, तेल नाही. ड्रिल आत शिरत नाही, जागेवर घासत राहतं. मग किंचाळल्यासारखा आवाज. मग छिद्राच्या तळाला आरशासारखी चकाकी येते आणि ड्रिलचं टोक निळं पडतं. तो मुलगा आणखी जोर लावतो. ती चकाकी म्हणजे धातू जागेवर कडक झालाय, आता त्यातून साधं ड्रिल जाणार नाही.

३०४ घासलं की कडक होतं, कापलं की ऐकतं. म्हणून वेग कमी आणि दाब ठाम ठेवायचा. तीन मिलिमीटरच्या ड्रिलला मिनिटाला हजार-बाराशे फेरे पुरे. सेंटर पंच हलका मारायचा, कारण खोल पंचानंही तिथलं स्टील कडक होतं. कटिंग ऑइल सतत. ड्रिलमधून लांब, गुंडाळत येणारा बुरा निघाला पाहिजे, भुकटी दिसली की थांबा आणि ड्रिलला धार लावा. चकाकी आलीच तर त्याच बाजूनं झगडू नका, पट्टी उलटी करून दुसऱ्या बाजूनं नव्या कोबाल्ट ड्रिलनं या. हे सगळं नको असेल तर ३०३ किंवा ४१६ शोधा. त्यात कापायला सोपं जावं म्हणून गंधक घातलेलं असतं, लोण्यासारखं म्हणणार नाही, पण शेजाऱ्यांची झोप मोडत नाही. गंजाला ३०४ पेक्षा ती थोडी कमी टिकतात. घाटावर चालतात, कोकणात नको.

गार्डची खाच मी अशी करते. पातं तीन मिलिमीटरचं असेल तर अडीचच्या ड्रिलनं ओळीत छिद्रं, मधल्या भिंती चपट्या कानशीनं काढायच्या, मग एका वेळी चार-पाच घास आणि पातं घालून बघायचं. पात्याला मार्करची शाई लावली की कुठे अडतंय ते खाचेत उमटतं. तेवढंच घासायचं, शेजारचं नाही. शेवटचे दोन मिलिमीटर हातानं न जाता लाकडी ठोकळा ठेवून हातोडीच्या टोल्यानं बसले पाहिजेत. बसल्यावर ट्यूबलाइटकडे धरून बघा. जिथून उजेड दिसतो तिथून पाणी जातं, आणि आत गेलेलं पाणी बाहेर येत नाही. जर्मन सिल्व्हरला या कामाला मला तास लागतो, ३०४ ला सबंध संध्याकाळ.

आणखी एक. स्टेनलेसमधून उष्णता लवकर पसरत नाही. ग्राइंडरच्या फिरत्या बेल्टवर घासताना तो एका जागी तापतो, खालचं इपॉक्सी म्हणजे चिकटवायचा गोंद मऊ पडतो, लाकूड आक्रसतं आणि सांध्यात केसाएवढी फट येते. बोट टेकवून दोन सेकंद ठेवता आलं नाही तर पाण्यात बुडवा.

पिना

बोल्स्टर ज्या पट्टीचे, पिना त्याच पट्टीच्या. एवढंच. छिद्राचं तोंड रीमरनं, म्हणजे छिद्र रुंद करायच्या हत्यारानं, किंचित पसरट करून पिन ठोकली आणि वरून सपाट घासली की ती दिसेनाशी होते. पण बारा टक्के निकेलच्या बोल्स्टरला अठरा टक्क्यांची पिन लावली, तर पहिल्या दिवशी दिसत नाही आणि पावसाळ्यानंतर चंद्रासारखी वर येते. गोल सळी त्याच जातीची मिळाली नाही तर पट्टीतूनच चौकोनी काडी कापून ड्रिल मशीनमध्ये धरून कानशीनं गोल करा. कंटाळवाणं आहे, मी करते.

चांदी

हुपरी आमच्यापासून जवळ, घरोघरी पैंजणांचं काम. तिथल्या एका अण्णांकडे मी जाते. एकदा एक गृहस्थ आईच्या तुटलेल्या पैंजणांची जोडी घेऊन आले, म्हणाले, सुरीत कुठेतरी बसवा. अण्णांनी ते कसोटीवर घासले, मान हलवली. कड्याकड्याला झाळ, म्हणजे सांधा जोडायला वितळवलेला धातू, असतो, तो वेगळ्या कसाचा, त्यामुळे सगळं एकत्र आटवून कस पुन्हा जुळवावा लागणार होता. मुशीत टाकणखाराची चिमूट पडली, चांदी पाऱ्यासारखी गोल झाली, मग लगड, मग रोलरमधून दीड मिलिमीटरची पट्टी. मी विचारलं, शुद्धच का नाही ठेवायची? ‘अक्का, निव्वळ चांदी लावलीस तर नखानं बी पोचा येतोय. तांबं पायजे थोडं.’ म्हणून ९२५: शंभरात साडेब्याण्णव चांदी, बाकी तांबं. निघताना म्हणाले, ‘आनि कांद्याजवळ ठेवू नगंस.’

कांदा, लसूण, अंडं यांच्यातल्या गंधकानं चांदी काळी पडते. म्हणजे स्वयंपाकघरात तिला शत्रूच जास्त. त्या गृहस्थांच्या सुरीत मी ती पट्टी शिसवीच्या दोन तुकड्यांमध्ये स्पेसर म्हणून घातली, जिथे कांदा लागत नाही, फक्त तळहात लागतो. रोजच्या हाताळण्यानं ती उजळ राहते. सबंध बोल्स्टर चांदीचे करायचे म्हटले तर सहा मिलिमीटर जाड, बारा रुंद, अठ्ठावीस उंच अशा जोडीला चार घन सेंटिमीटर धातू लागतो. म्हणजे ४२ ग्रॅम, बाजारच्या हिशेबानं चार तोळ्यांच्या वर. अडकित्त्याला किंवा पाकिटं फोडायच्या सुरीला करा हवं तर.

काही जण जुनं नाणं चकतीसारखं वापरा म्हणतात. चलनातलं नाणं वितळवणं, तोडणं हा २०११ च्या नाणे कायद्यानं गुन्हा आहे. नको ते.

बाकीचे

कथील कमी लेखू नका. कल्हईवाल्याकडचंच कथील, २३२ अंशाला वितळतं, म्हणजे गॅसवर लोखंडी पळीत. मुठीच्या तोंडाशी लाकडात खाचा करायच्या, भोवती पुठ्ठ्याचा साचा बांधायचा, ओतायचं. खाचांत शिरून ते स्वतःला अडकवून घेतं, पिन लागत नाही. शुद्ध कथलाची कांडी कानाजवळ धरून वाकवली तर करकर आवाज येतो. कागदावर पेन्सिलीसारखी काळी रेघ उठली तर त्यात शिसं आहे, स्वयंपाकघरात त्याला जागा नाही. लाकूड आणि साचा खडखडीत कोरडा हवा. एक थेंब पाणी असलं तरी वितळलेलं कथील तोंडावर उडतं. कथील मऊ आहे, पोचे येणार हे धरून चाला.

ॲल्युमिनियम हलकं, स्वस्त, पण हातावर करडा रंग सोडतं आणि भांड्यांच्या पावडरीनं काळवंडतं. दगडी ग्राइंडिंग व्हीलवर ते कधीच घासू नका, व्हीलची छिद्रं बुजतात आणि व्हील फुटू शकतं. ॲल्युमिनियमची किंवा टायटॅनियमची भुकटी साठलेल्या जागी पोलादाच्या ठिणग्या पाडू नका, दोन्ही पेटतात. टायटॅनियम पैशाला भारी आणि कापायला हट्टी. क्रोमचा मुलामा दिलेलं काही घेऊ नका, सुरीची मूठ शेवटी घासावीच लागते.

वजन आणि क्रम

मघाचीच चार घन सेंटिमीटरची जोडी जर्मन सिल्व्हरमध्ये ३५ ग्रॅम भरते, स्टेनलेसमध्ये ३२, टायटॅनियममध्ये १८, ॲल्युमिनियममध्ये ११. दोनशे ग्रॅमच्या सुरीत हा फरक मनगटाला कळतो. पातं लांब असेल तर जड बोल्स्टर तोल मागे आणतात. भाजी सोलायच्या छोट्या सुरीला तेच बोल्स्टर लावले की ती मागे कलंडते. आधी लाकडी पट्टीचे खोटे बोल्स्टर करून, त्यांना वजनाला वॉशर चिकटवून बोटावर तोलून बघा.

गार्ड झाळायचा असेल तर सोनाराचा चांदीचा झाळ वापरू नका, तो सहाशे अंशांच्या वर वितळतो. ईएन-३१ चं पातं कडक केल्यावर ठिसूळपणा जावा म्हणून मी ते दोनशे अंशांवर पुन्हा तापवते, म्हणजे टेम्पर करते. त्याहून जास्त तापलं की पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरतं, आणि उतरलेलं पाणी पॉलिशनं परत येत नाही. कथील-चांदीचा मऊ झाळ २२१ अंशाला वाहतो, तो चालतो, मात्र धारेच्या बाजूला ओलं फडकं गुंडाळून आणि ज्योत गार्डच्या खालून. झाळ नीट धरावा म्हणून सांध्याला लावतात तो स्टेनलेसचा फ्लक्स तेजाबी असतो. काम झालं की खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुवा, नाहीतर आठवड्यात सांध्याजवळ गंज दिसेल. मी स्वतः हल्ली घट्ट बसवून इपॉक्सी भरते आणि ज्योत लावतच नाही.

दमास्कस, म्हणजे वेगवेगळ्या पोलादांच्या थरांच्या, पात्याला फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून लहरी उठवणार असाल तर ते आधी उरका, मग जर्मन सिल्व्हर बसवा. सर्किटच्या पट्टीवरचं तांबं खायला हेच रसायन वापरतात. ते तुमचे बोल्स्टरही खाईल आणि निघालेलं तांबं पात्यावर लालसर बसेल.

मालवणच्या वहिनींची सुरी मी परत मागवून घेतली होती. हिरवे बोल्स्टर ड्रिलनं पिना काढून उतरवले, ३१६ चे बसवले, आणि म्यानाऐवजी लाकडी घर करून दिलं. यंदा गणपतीनंतर ती धार लावायला आली. मूठ तेल पिऊन काळीभोर, बोल्स्टर धुऊन पुसले तर काल केल्यासारखे. फोनवर वहिनींना सांगितलं, बघा, पावसाळाभर काही झालं नाही. त्या म्हणाल्या, ‘होय गो, पण आधीचाच बरो दिसायचो.’

मला त्यांचं पटतं. तो जुना जोड मी सोड्यानं साफ करून श्रीखंडाच्या डब्यात ठेवलाय.